वर्तमान दुसऱ्या मजल्यावर

दाजींना दाजी म्हणणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे त्यांचा मेहुणा. ऑफिसात त्यांना साहेब म्हणत, बिल्डिंगमध्ये लिफ्टवाले साहेब म्हणत, आणि बायको अहो म्हणे. पण मेहुण्याने सिनेमा काढायचं मनावर घेतलं आणि बघता बघता कॅमेरामनपासून वायरी गुंडाळणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना दाजी म्हणायला लागले. दाजी लिफ्ट तपासणी खात्यात निरीक्षक होते. त्यांच्या एका सहीवाचून अख्ख्या इमारतीला जिने चढावे लागत. अशा माणसाला स्वतःच्या दारात 'दाजी, जरा हा दिवा धरता का' असं ऐकावं लागणं ही गोष्ट लहान नाही. निदान दाजींच्या लेखी नव्हती. तरी त्यांनी दिवा धरला. का धरला, हे त्यांना नंतरही कधी नीट सांगता आलं नाही.

मेहुणा लग्नाचे व्हिडिओ काढायचा. नवरानवरी गाडीत बसतात, गाडी वळणावर दिसेनाशी होते, तिथे त्याचा प्रत्येक व्हिडिओ संपे. तोच तो शेवट इतक्या वेळा काढल्यावर पुढे यांचं काय होतं ते बघावंसं वाटतं, असं तो म्हणे, आणि त्यातूनच त्याच्या डोक्यात सायन्स फिक्शन शिरलं. एक शास्त्रज्ञ आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टचं कालयंत्र करतो. वर गेलं की भविष्य, खाली गेलं की भूतकाळ. त्याची बायको दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे वर्तमानात, त्याची वाट बघत असते. ही गोष्ट त्याने एका रविवारी दाजींच्याच सोफ्यावर पाय वर घेऊन सांगितली. दाजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपरमागूनच विचारलं, "आणि पार्किंगमध्ये कोणता काळ?"

हा टोमणा होता. पण मेहुण्याचा चेहरा असा काही उजळला की आपण भलतंच काहीतरी बोलून बसलो हे दाजींच्या ध्यानात आलं. पार्किंगमध्ये काळ सुरूच व्हायचा आहे, असं मेहुण्याने जागच्या जागी ठरवून टाकलं. एवढी मोठी कल्पना तुमची, म्हणजे सिनेमा निम्मा तुमचाच झाला, असंही तो म्हणाला, आणि मग सिनेमा तुमचा तर लिफ्टही तुमच्याच बिल्डिंगची, हे वाक्य त्याने पुढे इतक्या सहजपणे जोडलं की दाजींनी पेपरची घडी करेपर्यंत विषय संपलेलासुद्धा होता.

दाजींनी शेवटचा उपाय म्हणून कायदा काढला. सार्वजनिक वापराची लिफ्ट प्रवासी वाहतुकीखेरीज दुसऱ्या कशासाठी अडवायची तर खात्याची परवानगी लागते. खात्यात अर्ज गेला की तो कसा मुरतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मेहुण्याने मुकाट्याने अर्ज केला, आणि चार टेबलं फिरून तो आला कोणाकडे, तर दाजींकडेच, कारण तो भाग त्यांच्याकडे होता. अर्जात प्रयोजनापुढे लिहिलं होतं: कालप्रवास. दाजींनी पेन उघडलं आणि अंगात संचार व्हावा तशा त्रुटी काढल्या. हा प्रवास प्रवासी या सदरात धरावा की मालवाहतूक या सदरात? वर गेलेला प्रवासी खाली येण्याआधीच खाली असल्यास त्याचं वजन दोनदा धरावं काय? आपल्या नोकरीतला हा सर्वांत अभ्यासपूर्ण शेरा आहे असं वाटून त्यांनी तो दोनदा वाचला आणि फाइल वरिष्ठांकडे पाठवली.

वरिष्ठ कशावरही सही न करण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी संध्याकाळच्या आत सही केली. खाली लिहिलं होतं: मंजूर, अधूनमधून समक्ष पाहणी करावी. समक्ष या शब्दाखाली रेघ होती. दाजी त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसले. आपलं खातं आपल्याला समजतं, हा त्यांचा नोकरीभराचा समज त्या दिवशी पहिल्यांदा हलला.

मग बिल्डिंग. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं होतं तसा काही विरोध झालाच नाही, उलट सगळे सल्ले घेऊन हजर. सेक्रेटरींचं म्हणणं, भविष्यातसुद्धा जिन्याखाली सायकली लावायच्या नाहीत ही पाटी दिसली पाहिजे. पहिल्या मजल्यावर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले सर राहत. त्यांनी दाजींना जिन्यात गाठून सांगितलं की मुळात लिफ्टने कालप्रवास होत नाही. दाजींनी हे मान्य केलं. सर म्हणाले, तुम्ही मान्य करून काय उपयोग, त्यांना सांगा. दाजींनी मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याने सरांनाच शास्त्रीय सल्लागार नेमलं, आणि तेव्हापासून सर रोज सकाळी कथेतली एक चूक दाखवायला येऊ लागले. मेहुणा ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करी, आणि त्या दुरुस्तीमुळे आदल्या दिवशी चित्रित केलेलं सगळं चूक ठरे. शास्त्रज्ञाला स्वतःला भेटता येत नाही असं सर म्हणाले, तेव्हा शास्त्रज्ञ स्वतःला भेटून रडतो तो सीन होऊन गेला होता. शास्त्रज्ञ ज्याला भेटून रडतो तो त्याचा भाऊ आहे, असं मेहुण्याने ठरवलं. दोन दिवसांनी भाऊ लहानपणीच वारल्याचा सीन निघाला. तोही होऊन गेलेला.

दाजी संध्याकाळी घरी येत आणि पहिला प्रश्न हाच विचारत, की आजचा सीन आधीचा की नंतरचा. मेहुणा विचार करून सांगे, "आधीचाच आहे दाजी, पण घडतो नंतर." दाजी मान हलवत. न कळलेल्या गोष्टीला ऑफिसात ते जशी मान हलवत, अगदी तशीच.

खरा गोंधळ मजल्यांचा झाला. बिल्डिंगचे सगळे मजले दिसायला एकसारखे. तोच जिना, तीच दारं, तीच फरशी. आतापर्यंत यामुळे कोणाचं काही अडलं नव्हतं. पण मेहुण्याने लिफ्टमधल्या बटणांवर भूत, वर्तमान, भविष्य अशा चकत्या चिकटवल्या, मजल्यांचे आकडे झाकले, आणि दाजींच्या दारापुढे दुपारी उजेड नीट पडत नाही म्हणून त्यांच्या नावाची पाटी काढून तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या दारावर लावली. डॉक्टरांची पाटी खाली सरांच्या दारावर गेली. सरांच्या दाराला दुपारी भूतकाळ म्हणून मातकट रंग फासत आणि संध्याकाळी भविष्य म्हणून चंदेरी कागद लावत. दुधाची पिशवी भविष्यात जाऊ लागली. पार्सल घेऊन आलेला माणूस लिफ्टमध्ये उभा राहून विचारायचा की हे वर्तमानात कोण राहतात, त्यांची सही पाहिजे. डॉक्टरांचे पेशंट सरांच्या घरात शिरून सोफ्यावर ओळीने बसत, आणि सर त्यांना काळ म्हणजे काय ते समजावून सांगत. काही जणांना बरंही वाटलं म्हणे.

एका संध्याकाळी दाजी ऑफिसातून दमून आले. डोकं दुखत होतं. लिफ्टमध्ये शिरले, वर्तमान दाबलं, बाहेर आले, समोर आपली पाटी, दार उघडं. आत जाऊन त्यांनी बूट काढले, मोजे बुटात खुपसले, पंख्याखालच्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "जरा चहा टाक गं." उत्तर आलं नाही म्हणून डोळे उघडले तर समोर तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर उभे; वर्तमानाची चकती त्या दिवशी पाटीमागोमाग तिसऱ्याच्या बटणावर गेली होती. डॉक्टर अतिशय हळुवारपणे शेजारी बसले. त्यांनी दाजींचा हात हातात घेतला, नाडी पाहिली, आणि विचारलं की आज वार कोणता. दाजींनी सांगितला. हे घर कोणाचं, असं विचारलं. दाजी म्हणाले, बाहेर पाटी बघा. डॉक्टरांनी खिन्नपणे मान हलवली आणि हे केव्हापासून होतंय असं विचारलं. दाजींनी मेहुणा घरात आल्यापासून, असं अगदी खरं उत्तर दिलं, त्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दाजी त्या चिठ्ठीसकट आणि हातात बूट घेऊन अनवाणी आपल्या मजल्यावर उतरले.

आणि उतरल्यावर जे दिसलं त्याने त्यांची उरलीसुरली शुद्धही गेली.

त्यांच्याच दारात ताई उभी होती. ताई म्हणजे दाजींची बायको. मेहुणा तिला ताई म्हणे, म्हणून सगळं युनिट ताई म्हणे. शास्त्रज्ञाच्या बायकोचं काम करायला जी नटी आली होती तिने आपण नक्की कोणत्या काळातल्या नवऱ्याची बायको आहोत एवढं विचारलं, आणि तीन वेगवेगळी उत्तरं मिळाल्यावर ती परत गेली. मग ताईने सांगितलं की मी करते, मला नाहीतरी घरात काय चाललंय ते कधी कळत नाही, तेव्हा अवघड जाणार नाही. दाजींना हे नुसतं कानावर आलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते आता. लिफ्टमधून हिरो बाहेर आला. हिरो टूथपेस्टच्या जाहिरातीत हसायचा आणि इथेही तसाच हसत होता. ताई त्याच्याकडे बघत राहिली, हातातला टॉवेल गळून पडला, आणि ती म्हणाली, "आलात? केव्हाची वाट बघतेय."

किती साधं वाक्य. पण हे वाक्य असं म्हणता येतं हे दाजींना ठाऊक नव्हतं. ते रोज याच दारातून घरात येत होते. आवाज हाच होता, दार हेच होतं, टॉवेलसुद्धा त्यांचाच होता. ते भारल्यासारखे दोन पावलं पुढे झाले. ताईची नजर त्यांच्याकडे वळली.

"आलात? बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

त्या रात्री जेवताना दाजींनी आमटीत दोनदा मीठ घातलं. ताईने विचारलं, डोकं दुखतंय का. ते नाही म्हणाले, आणि लगेच हो म्हणाले. काय खुपतंय ते त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते घरी येताना दाराबाहेर उगाच थोडं थांबू लागले. ताई आतून विचारी, कोण आहे, आणि लाइटमन सांगे की कोणी नाही, दाजी आहेत.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी दाजींनी रजा घेतली. आज हे संपतं कसं ते डोळ्यांनी बघायचं होतं. शास्त्रज्ञ भविष्यातून शेवटचा परत येतो आणि बायकोला काहीतरी सांगतो, एवढाच सीन उरला होता. दुपारी हिरो, कॅमेरामन, दोन दिवे आणि चंदेरी कपड्यांची पेटी असं सगळं लिफ्टमध्ये भरलं जात असताना खालून एक गृहस्थ आले आणि दार बंद होता होता आत शिरले. ते दाजींचे वरिष्ठ होते. समक्ष पाहणीला आले होते. पण कपडेवाल्याला सकाळपासून भविष्यातल्या सरकारी अधिकाऱ्याचं काम करणारा नट येणार म्हणून सांगितलेलं होतं, आणि या गृहस्थांची मुद्रा त्या कामाला इतकी चपखल होती की त्याने काही न विचारता त्यांच्या अंगात चंदेरी जाकीट चढवलं. वरिष्ठांना ही पाहणीची पद्धत वाटली असावी. त्यांनी हात वर केले.

लिफ्ट निघाली, घरघरली, आणि पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मधे थांबली.

तेव्हा मात्र दाजी दाजी राहिले नाहीत. आतून हिरोचा आवाज येत होता, तो आधी हाका मारत होता, मग नुसताच श्वास ऐकू यायला लागला. मेहुणा पांढराफटक पडून जिन्यात बसला. सर भूत आणि वर्तमानाच्या मधे शास्त्रीयदृष्ट्या काय असतं ते सेक्रेटरींना सांगत होते. दाजींनी दोघांना बाजूला केलं, वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन आधी वीज तोडली, हाताने चाक फिरवून लिफ्ट बोटबोट खाली घेतली, आणि पहिल्या मजल्यावर येऊन किल्लीने दार उघडलं. हिरो पायऱ्यांवरून जो सुटला तो फाटकाबाहेर जाऊन रिक्षात बसूनच थांबला, आणि रिक्षा थांबली नाही. वरिष्ठ सावकाश बाहेर आले. चंदेरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. त्यांनी वजन किती झालं असं विचारलं. दाजींनी मान खाली घालून सांगितलं की मर्यादेबाहेर, आणि बॅगेतून खात्याची पट्टी काढून स्वतःच्या बिल्डिंगच्या लिफ्टला सील ठोकलं. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. चौथ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं की आता भविष्यात जायचं कसं.

मेहुणा पायरीवरून उठेना. तो म्हणाला की सिनेमा संपला, म्हणजे संपला नाही, आणि हेच वाईट आहे. त्याचे डोळे भरून आले होते. ताई त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दाजींना आतापर्यंत हा माणूस म्हणजे सोफ्यावर वर घेतलेले दोन पाय एवढाच वाटत होता.

"लिफ्ट हलवायची नाही," दाजी म्हणाले, आणि वरिष्ठांकडे बघितलं. "पण दार उघडं ठेवून कोणी आत नुसतं उभं राहिलं तर?"

वरिष्ठांनी जाकिटाच्या खिशात हात घातले आणि उभं राहण्याबद्दल नियमात काही नाही, असा निर्णय दिला. म्हणून सरांच्या मजल्यावर वर्तमान आलं. पाटी खाली आली, टॉवेल खाली आला. हिरोचं काय करायचं, तर सगळ्यांच्या नजरा हळूहळू दाजींकडे वळल्या. पुढच्या काळातून परत येताना वय वाढणारच, असं मेहुणा म्हणाला. सरांनी तोंड उघडलं, पण ताईकडे बघून मिटलं. डायलॉगचा कागद हिरोच्या खिशात होता आणि खिसा रिक्षात गेला होता.

"काय बोलायचं?" दाजींनी विचारलं.

मेहुण्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही पुढे जाऊन बघून आलात दाजी. घर तेच आहे, पण त्यात ताई नाही. आता परत आलाय. जे वाटेल ते बोला."

दाजी लिफ्टमध्ये पाठमोरे उभे राहिले. हजारो लिफ्टमध्ये ते असे उभे राहिले होते. कोणत्या पट्टीला कुठे गंज धरतो हे त्यांना अंधारातही कळलं असतं. पण त्या क्षणी त्यांना समोरच्या पत्र्यावर काहीच दिसेना. मागून कोणीतरी अॅक्शन म्हणालं. ते वळले, बाहेर आले. ताई दारात उभी होती. हातातला टॉवेल गळून पडला. ती म्हणाली, "आलात? केव्हाची वाट बघतेय."

दाजींनी वाकून टॉवेल उचलला. असं सीनमध्ये नव्हतं. तो झटकून घडी करता करता ते म्हणाले, "वर जाऊन आलो. सगळं जागच्या जागी होतं. खुर्ची होती, पंखा चालू होता. मी बूट काढून बसलो, चहा टाक म्हणालो. मग किती वेळ तसाच बसून राहिलो. उठून स्वतः करायला काही हरकत नव्हती. पण तू नाहीस, तर मग मी घरी आलो हे कळायचं कसं, तेच समजेना." आणि थोडं थांबून, "म्हणून खाली आलो," असं म्हणाले.

कोणी कट म्हटलं नाही. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल असं तिने विचारलं, "हे सिनेमातलं की तुमचं?"

दाजी गोंधळले. ते खरोखरच विचारात पडले. तेवढ्यात आवाजाचं यंत्र सांभाळणारा कानावरचं काढत पुढे आला आणि म्हणाला की मघाशी वीज तोडली तेव्हा त्याचं यंत्र बंद पडलं ते चालू करायचं राहिलं होतं, चित्र आलंय, आवाज आलेला नाही, तर दाजी, एकदा परत.

दाजींनी तोंड उघडलं. कान तापले होते. घडी केलेला टॉवेल त्यांनी परत उलगडला. लाइटमन थांबला होता, वरिष्ठ थांबले होते, सर थांबले होते. मेहुणा म्हणाला, तेच बोला दाजी, अगदी तसंच, फक्त थोडं मोठ्याने.

"परत नको," ताई म्हणाली. तिने दाजींच्या हातातून टॉवेल घेतला. "मी ऐकलंय."

सिनेमा पुढे एका छोट्या हॉलमध्ये दाखवला गेला. अख्खी बिल्डिंग बघायला आली होती आणि कोणालाही काहीही कळलं नाही. वरिष्ठ चंदेरी जाकीट घालून आले होते. शास्त्रज्ञ कोणाचा भाऊ होता, हिरो मधेच कुठे गेला, त्याच्या जागी हे लिफ्टवाले साहेब कुठून आले, यावर बाहेर बराच वाद झाला. पण शेवटचा सीन मात्र सगळ्यांनी जागेवर सरसावून पाहिला. पडद्यावर दाजी टॉवेलची घडी करत होते, ओठ हलत होते, आणि हॉलमध्ये अजिबात आवाज नव्हता. सर म्हणाले की हे शास्त्रीयदृष्ट्या एकदम बरोबर आहे, पुढच्या काळातला आवाज इकडे ऐकूच येणार नाही.

निघताना सेक्रेटरींच्या बायकोने ताईला गाठलं आणि विचारलं की शेवटी ते काय म्हणाले गं. आजूबाजूच्या चारपाच जणी थांबल्या. दाजी मागेच उभे होते. ते एकदम भिंतीवरची आग विझवायच्या यंत्राची तारीख वाचू लागले.

"काही नाही हो," ताई म्हणाली, "लिफ्टचं काहीतरी सांगत होते," आणि दाजींच्या कोपराला धरून तिने त्यांना बाहेर नेलं.